आकाशातला लाल डबा: माइनक्राफ्टमध्ये हॅपी घॅस्टवरून हिंडायचं कसं

भाचीने मला माइनक्राफ्ट या गेममधल्या हॅपी घॅस्ट नावाच्या उडत्या प्राण्याच्या पाठीवर पहिल्यांदा बसवलं, तेव्हा मी दोन मिनिटांतच कुरकुरायला लागलो. "अगं, हा पळत का नाही?" ती माझ्या मागच्या जागेवर बसली होती. म्हणाली, "मामा, पुढे काय बघतोयस? खाली बघ ना!" खाली बघितलं तर जिथून मी आठवडाभर रोज पायी जात होतो, त्या जंगलाच्या मधोमध एक अख्खं गाव. घरं, विहीर, गव्हाची शेतं, सगळं. माझ्या नेहमीच्या वाटेपासून चाळीस पावलांवर असेल. झाडांमुळे एकदाही दिसलं नव्हतं.

हा लेख त्या प्राण्यावर आहे. ज्यांनी माइनक्राफ्ट नुकतंच सुरू केलंय, किंवा ज्यांची मुलं खेळतात आणि आता त्यांना स्वतःलाही खेळून बघायचंय, त्यांच्यासाठी. घोडा, डुक्कर, उंट यांच्यावर गेममध्ये आधीपासून बसता येतं, पण ती सगळी जमिनीवरची वाहनं. हवेत जायचं तर इलायट्रा नावाचे पंख मिळवावे लागतात, आणि ते असतात 'एंड' नावाच्या शेवटच्या दुनियेत, ड्रॅगनला हरवल्यानंतरच्या टप्प्यावर. नवख्याला तिथे पोचायला महिने लागतात. हॅपी घॅस्ट त्याच्या कितीतरी आधी मिळतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो. हा प्राणी हळू आहे. तुम्ही जमिनीवर चालता साधारण त्याच वेगाने तो हवेत जातो. धावणारा माणूस त्याला सहज मागे टाकेल. एसटीच्या भाषेत बोलायचं तर ही शिवनेरी नव्हे, लाल डबा आहे. पण लाल डब्यात खिडकीशी बसून ज्याने घाट उतरलाय, त्याला त्या वेगाची किंमत कळते. प्रदेश ओळखायचा असेल तर हाच वेग बरा. ज्याला फक्त पोचायचंय त्याने धावत जावं.

आता थोडी ओळख. घॅस्ट हा या गेममधला जुना शत्रू. २०१० सालच्या हॅलोवीनच्या अपडेटमध्ये तो आला: पांढरा, चौकोनी, खाली लोंबणारे पाय, तोंडातून आगीचे गोळे. त्याचं ते रडवेलं ओरडणं गेमचे पहिले संगीतकार डॅनिएल रोझेनफेल्ड यांच्या मांजरीच्या आवाजावरून केलेलं आहे. ते एकदा कळलं की भीती निम्मी होते. पंधरा वर्षं लोकांनी त्याच्यावर बाण मारले. मग १७ जून २०२५ रोजी 'चेज द स्काइज' हे अपडेट आलं आणि त्याच घॅस्टचं हसरं भावंड खेळाडूंना पाळायला मिळालं. संगणकावरच्या जावा आवृत्तीत हे अपडेट १.२१.६ या क्रमांकाचं आहे, आणि मोबाइल-कन्सोलवरच्या बेडरॉकमध्ये १.२१.९० या क्रमांकाचं. तुमचा गेम त्याहून जुना असेल तर आधी अपडेट करा, नाहीतर पुढचं सगळं वाचून काही उपयोग नाही.

हॅपी घॅस्ट जंगलात फिरताना आपोआप सापडत नाही, आणि दोन घॅस्टची जोडी लावून पिल्लंही होत नाहीत. प्रत्येकाची सुरुवात एकाच गोष्टीपासून होते: वाळलेला घॅस्ट. गेममध्ये त्याला 'ड्राइड घॅस्ट' म्हणतात. दिसायला एक करडा, सुकून आक्रसलेला ठोकळा. तो आणायला नेदरमध्ये जावं लागतं.

निघण्याआधी

नेदर म्हणजे गेममधली पाताळभूमी. तिथे जायचं दार ऑब्सिडियनच्या काळ्या दगडांनी बांधायचं असतं: चार ब्लॉक (म्हणजे गेममधले चौकोनी ठोकळे) रुंद, पाच उंच अशी चौकट. कोपरे सोडले तर १० दगडांत काम भागतं. ऑब्सिडियन खणायला हिऱ्याची कुदळ लागते. ती नसेल तर बादलीने लाव्हा आणून साच्यात ओतायचा आणि त्यावर पाणी सोडायचं. दगड जागच्या जागी तयार होतो. चौकट झाली की आत चकमकीने ठिणगी टाका, जांभळा पडदा उघडतो.

सोबत काय न्यायचं यावर प्रत्येकाचं आपापलं मत असतं. माझं असं: ढाल हवीच, कारण आपण जातोय तिथे सांगाडे बाण मारत असतात. धनुष्य आणि बाण. पोटभर भाजलेलं मांस. अंगावर सोन्याची एक तरी वस्तू, बूट किंवा टोपी काहीही, म्हणजे वाटेत पिग्लिन नावाचे डुकरासारखे रहिवासी भेटले तर अंगावर धावून येत नाहीत. चकमक परत सोबत ठेवा, कारण घॅस्टचा गोळा लागून तुमचं दार विझू शकतं, आणि मग घरी यायचं कसं? आणि साधा फोडलेला दगड, कोबलस्टोन, दोन-तीन थप्प्या. घॅस्टच्या गोळ्याने तो फुटत नाही. नेदरमध्ये पाय ठेवला की पहिलं काम म्हणजे दाराभोवती या दगडाची खोली बांधणं. मी पहिल्या वेळी आळस केला होता. परत आलो तर दार विझलेलं आणि चकमक घरी पेटीत.

पाण्याची बादली मात्र नेऊन फायदा नाही, नेदरमध्ये पाणी ओतलं की त्याची वाफ होते. गादी तर अजिबात नेऊ नका. तिथे झोपायला गेलात तर गादीचा स्फोट होतो. हा विनोद नाही, खरंच होतो.

होकायंत्रही तिथे नुसतं गरगर फिरतं. म्हणून दाराजवळ उभं राहून आपल्या जागेचे आकडे कागदावर लिहून ठेवा. जावामध्ये एफ-३ दाबल्यावर दिसतात. बेडरॉकमध्ये जगाच्या सेटिंगमध्ये जागेचे आकडे दाखवण्याचा पर्याय सुरू करावा लागतो. नेदरमधला एक ब्लॉक म्हणजे वरच्या जगातले आठ, हेही लक्षात असू द्या. तिथे शंभर पावलं भरकटलात आणि दुसरं दार बांधून बाहेर पडलात, तर घरापासून आठशे पावलं लांब निघाल.

निळ्या धुक्याच्या खोऱ्यात

आपल्याला हवाय तो भाग म्हणजे सोल सँड व्हॅली. ओळखायला सोपा: बाकी नेदर लाल-तांबडा, आणि इथे मात्र निळसर धुकं. काळ्या बसाल्टचे खांब छतापर्यंत गेलेले, आग लागली तर तीही निळी, आणि जमिनीत अर्धवट रुतलेली राक्षसी हाडं. ही हाडं म्हणजे नेदरचे जीवाश्म. वाळलेला घॅस्ट याच हाडांच्या आसपास पडलेला असतो.

प्रत्येक सापळ्यापाशी तो मिळेलच असं नाही. मला तिसऱ्या ठिकाणी मिळाला, भाचीला पहिल्याच. शोधायची पद्धत एवढीच की सापळ्याभोवती एक पूर्ण फेरी मारायची, फासळ्यांच्या आतही डोकावायचं. रंगाने तो तपकिरी मातीत उठून दिसतो, पण धुक्यात पांढऱ्या हाडाचा तुटका तुकडा समजून आपण पुढे निघून जातो. जवळ गेल्यावर त्याचे मिटलेले डोळे दिसतात. उचलायला खास हत्यार लागत नाही.

अडचण शोधण्यात कमी आणि चालण्यात जास्त. तिथली माती पाय ओढून धरते. आधीच वेग निम्म्यावर, त्यात लांबून सांगाडे बाण सोडतायत. पळून जाणं शक्य नसतं, म्हणून मी सरळ पायाखाली कोबलस्टोनची पायवाट टाकत जातो. दगड संपेपर्यंत वेग शाबूत, आणि परतीची वाटही आपोआप आखली जाते. मोकळ्या जागेत घॅस्ट ओरडला तर धावू नका, वळून बघा. गोळा येताना दिसतो, आणि अगदी वेळ साधून नुसत्या हाताने फटका मारला तरी तो उलटा फिरतो. क्रिकेट खेळलेल्या माणसाला हे पाचव्या-सहाव्या चेंडूला जमतं.

हे सगळं ऐकूनच घाम फुटला असेल, किंवा खेळणारं मूल सात-आठ वर्षांचं असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन काठिण्य 'पीसफुल'वर ठेवा. घॅस्ट आणि सांगाडे गायब होतात, वाळलेला घॅस्ट मात्र हाडांपाशी तसाच राहतो. काही जुने खेळाडू याला लबाडी म्हणतात. म्हणोत. आपल्याला उडायचंय, शौर्यपदक नकोय.

दुसरा एक रस्ता आहे: घॅस्टचे आठ अश्रू आणि मध्ये एक सोल सँड (तीच पाय ओढणारी माती) ठेवून वाळलेला घॅस्ट घरीच बनवता येतो. पण एका घॅस्टला मारून फार तर एक अश्रू मिळतो, तोही बहुतेक वेळा लाव्ह्यात पडतो. नवख्याने या फंदात पडू नये.

पाण्यात बुडवून वीस मिनिटं

घरी आलात. आता वाळलेल्या घॅस्टला पाण्यात ठेवायचं. तळ्यात, नदीत, किंवा दोन ब्लॉकचा खड्डा खणून त्यात पाणी ओतून, कसंही. ठोकळा जमिनीवर ठेवून त्याच्यावरच बादली रिकामी केली तरी चालतं. पाणी त्याच्या अंगात मुरलं पाहिजे, नुसतं शेजारी असून भागत नाही.

मग थांबा. साधारण २० मिनिटं लागतात, म्हणजे गेममधला एक अख्खा दिवस. त्या वेळात चेहरा टप्प्याटप्प्याने बदलत जातो. सुरुवातीला मटकीसारखा कोरडा, मग जरा फुगलेला, तोंडाचे कोपरे वर चढलेले. मोड यायला घातलेल्या कडधान्याकडे बघावं तसं आम्ही दर थोड्या वेळाने जाऊन बघत होतो.

इथे नवखे एक चूक हमखास करतात. त्याला पाण्यात ठेवतात आणि लांब कुठेतरी खाण खणायला निघून जातात. गेम फक्त तुमच्या आसपासचा भाग चालू ठेवतो. तुम्ही लांब गेलात की तिथला काळ थांबतो. दोन तासांनी परत आलात तरी घॅस्ट जसाच्या तसा वाळलेला. तेव्हा घराजवळच राहा. या वेळात पुढची तयारी होऊन जाते, तीही घराजवळच करण्यासारखी आहे.

पिल्लू

पाणी पिऊन झालं की ठोकळ्याच्या जागी घॅस्टलिंग येतो. एका ब्लॉकएवढं पिल्लू, हवेत तरंगणारं, तुमच्या मागे मागे फिरणारं. मोठं व्हायला आणखी २० मिनिटं घेतं. त्याला बर्फाचे गोळे आवडतात. एक एक गोळा भरवला की वाढ लवकर होते. बर्फ पडलेल्या भागात फावड्याने जमीन खरवडली की गोळे मिळतात. एका खणात सोळाच मावतात, त्यामुळे चार-पाच खण भरून आणा. पुढेही लागतात, कारण जखमी घॅस्टला हाच बर्फ औषध म्हणून चालतो आणि हातात गोळा दिसला की तो जवळही येतो.

घरात मात्र नेऊ नका. पिल्लू दारातून आत येईल, आणि मोठं झाल्यावर ते चार ब्लॉक रुंद, चार उंच असतं. आमच्याकडे भाचीने त्याला लाडाने गच्चीवरच्या खोलीत आणलं होतं. शेवटी भिंत पाडावी लागली.

हार्नेस

घोड्याला खोगीर, तसा घॅस्टला हार्नेस. क्राफ्टिंग टेबलवर वरच्या ओळीत तीन चामडी. त्याखालच्या ओळीत काच, मध्ये लोकर, पुन्हा काच. चामडं गाईंकडून, काच वाळू भट्टीत भाजून, लोकर मेंढीची. लोकरीचा रंग तोच हार्नेसचा रंग, सोळा रंगांत मिळतो. एका घरात दोन-तीन जण खेळत असतील तर प्रत्येकाचा रंग वेगळा ठेवा, म्हणजे "हा माझा होता"वरून भांडणं होत नाहीत. पूर्ण वाढ झालेल्या घॅस्टवर हार्नेस धरून क्लिक केलं की तो अंगावर चढतो, त्यावर गॉगलसारख्या दोन काचा असतात. तुम्ही बसलात की त्या डोळ्यांवर येतात, उतरलात की कपाळावर जातात. एवढ्याशा गोष्टीसाठी कुणीतरी इतका विचार केला, याचं मला अजून कौतुक वाटतं. काढायचा झाला तर कात्री वापरा.

पहिलं उड्डाण

पहिल्या वेळी मोकळं मैदान निवडा. अंगावरचा हिरा-सोनं काढून पेटीत ठेवा. खिशात थोडं खाणं, गादी, एक लाकडी तलवार, एवढंच. का, ते पुढे येईलच.

रिकाम्या हाताने घॅस्टवर क्लिक करा, तुम्ही वर बसता. पुढे जायचं बटण दाबलं की ज्या दिशेला बघताय तिकडे तो निघतो. उडी मारायचं बटण दाबून धरलं की सरळ वर. खाली यायला जावामध्ये वेगळं बटण नाही: मान खाली घालून जमिनीकडे बघायचं आणि पुढे जायचं. मोबाइलवर वर-खाली जायला पडद्यावरच बटणं येतात, ते जास्त सोपं आहे.

लगाम सोडला की तो जागच्या जागी तरंगत थांबतो. घोड्याचं तसं नाही, विमानाचं तर नाहीच. वाटेत कधीही थांबा, बघा, विचार करा, चहा घेऊन या. पेट्रोल नाही, दम लागणं नाही, रोज चारा घालणं नाही.

तरंगत थांबण्याबद्दल अजून एक. तुम्ही बसल्या जागेवरून उठायचं बटण दाबलं तर घॅस्टच्या पाठीवर उभे राहता, आणि तुम्ही पाठीवर आहात तोवर तो हलत नाही. हवेतला चार बाय चारचा ओटाच मिळतो म्हणा ना. उंच मनोऱ्याचं छप्पर घालायचं असेल तर परांची बांधायची गरज नाही. घॅस्ट शेजारी आणून लावा आणि पाठीवर उभं राहून काम करा. गवंड्याचं निम्मं काम इथेच हलकं होतं.

माझा अपघातही इथेच झाला. ऐंशी-नव्वद ब्लॉक उंचीवर होतो, खाली काहीतरी चमकताना दिसलं. पाठीवर उभा राहिलो आणि नीट बघायला दोन पावलं पुढे टाकली. कठडा नसतो हे विसरलो. तीन ब्लॉकच्या वर पडलं की मार लागायला सुरुवात होते. नव्वदचा हिशेब तुम्हीच करा. खिशातलं सगळं खाली विखुरलं. जमिनीवर पडलेल्या वस्तू पाच मिनिटांत नाहीशा होतात, आणि मेल्यावर मी परत उठलो ते झोपलो होतो त्या गादीपाशी, नदीपलीकडे. पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं. हिऱ्याचं चिलखत होतं अंगावर. म्हणून वर म्हटलं, पेटीत ठेवून निघा.

खाली बघायला वाकायची गरजच नाही. घॅस्टचं अंग रुंद असल्याने बसल्या जागेवरून सरळ खालचं दिसत नाही हे खरं, पण जावामध्ये एफ-५ दाबा, बेडरॉकमध्ये सेटिंगमधून कॅमेरा बदला. दृश्य तुमच्या मागून, बाहेरून दिसायला लागतं. मग माउस वर-खाली करून चौफेर बघता येतं. मी आता उडताना नव्वद टक्के वेळ याच दृश्यात असतो आणि फक्त उतरताना मूळ दृश्यात येतो.

उंची किती ठेवावी? समुद्राची पातळी ६३ धरलेली आहे. मैदानावर १०० ते ११० च्या दरम्यान उडालात तर झाडं आडवी येत नाहीत आणि गावातली दारं-खिडक्याही ओळखू येतात. फार वर गेलात तर ओळखीच्या खुणाच हरवतात. सांगाड्यांचा बाण साधारण पंधरा-सोळा ब्लॉकपर्यंत नेम धरतो, म्हणून जमिनीपासून वीस ब्लॉक वर असणं हा किमान नियम समजा. डोंगर आले की तेवढे वर चढा. डोंगरउतार तुमच्याच उंचीला येतो आणि उतारावरचा सांगाडा तुमच्या समोर येतो, हे पहिल्या वेळी लक्षात येत नाही.

रात्र झाली तर उतरून झोपा. न झोपता तीन दिवस काढलेत तर फँटम नावाचे उडते प्राणी वरून झडप घालतात. जमिनीवर त्यांच्याशी लढता येतं. घॅस्टवर बसून लढणं म्हणजे बैलगाडीतून गोफण मारणं.

तासं धरून नकाशा भरायचा

उगाच भटकण्यातही मजा आहे, पण जग खरोखर ओळखायचं असेल तर नकाशा घेऊन निघा. कागद आणि होकायंत्र मिळून रिकामा नकाशा होतो. पहिला नकाशा १२८ बाय १२८ ब्लॉकचा, म्हणजे फारच लहान. तो कार्टोग्राफी टेबलवर कागद लावून तीन वेळा मोठा करा, १०२४ बाय १०२४ होतो. एका संध्याकाळच्या फेरीला हे माप छान आहे.

नकाशा हातात धरून उडालात तर तुमच्या दोन्ही बाजूंना सुमारे १२८ ब्लॉकपर्यंतचा भाग त्यावर उमटत जातो. त्याचा अर्थ असा की नांगर धरावा तसं उडायचं. एका काठावरून सुरू करून सरळ दुसऱ्या टोकापर्यंत एक तास, मग २०० ब्लॉक बाजूला सरकून उलट्या दिशेने दुसरं तास. पाच तासांत नकाशा भरतो. सेकंदाला साधारण चार ब्लॉक धरले तर एका तासाला सव्वाचार मिनिटं लागतात. (हा तास शेतातला. घड्याळातला धरलात तर मला शिव्या द्याल.) गोलगोल फिरत गेलं की काय बघून झालं आणि काय राहिलं याचा घोळ होतो, सरळ रेषेत तो होत नाही. दूरचं पुरेसं दिसत नसेल तर सेटिंगमध्ये दृश्याचं अंतर बघा. एक चंक १६ ब्लॉकचा, १२ चंक ठेवले तर १९२ ब्लॉकपर्यंत दिसतं. जुन्या मोबाइलवर एवढं ठेवू नका, गेम अडकायला लागतो. आठ पुरे.

वरून काय ओळखायचं? वाळवंटात वाळूच्याच रंगाचा पिरॅमिड जमिनीवरून डोळ्यांना फसवतो, वरून त्याची चौकोनी सावली स्पष्ट दिसते. काळ्या-हिरव्या घनदाट जंगलात झाडांच्या वर डोकावणारं तपकिरी छप्पर दिसलं तर तो वुडलँड मॅन्शन आहे. जागा लिहून घ्या आणि आत्ताच आत जाऊ नका. समुद्रात पाण्याखाली हिरवट चौकोनी डाग म्हणजे पाण्यातला किल्ला. गुलाबी डोंगरमाथा म्हणजे चेरीचं वन. मोडक्या काळ्या चौकटी म्हणजे जुन्या दारांचे अवशेष. त्यांच्या शेजारच्या पेटीत बऱ्याचदा सोन्याच्या वस्तू मिळतात. एकट्या उंच लाकडी मनोऱ्यापासून मात्र लांबून जा. तिथले पिलेजर नावाचे लुटारू आडवं धनुष्य घेऊन उभे असतात, आणि घॅस्टएवढं मोठं लक्ष्य त्यांचं चुकत नाही.

एखादी जागा आवडली तर आकडे वहीत लिहा. फोटो काढून ठेवतो म्हणणारे नंतर शोधत बसतात की हे नेमकं कुठे होतं.

चौघं एका घॅस्टवर

एका घॅस्टवर चार जण बसतात. पहिला बसतो तो चालक. बाकी तिघं मोकळे, त्यांनी बाण मारावेत, नकाशा धरावा, किंवा चालकाला सूचना देऊन त्रास द्यावा. आमच्याकडे सुट्टीत चौघं भावंडं बसतात तेव्हा तिसरंच काही चालतं, पण ते असो. एकत्र खेळताना कुणी मागे राहिलं तर त्याच अपडेटमध्ये आलेली लोकेटर पट्टी बघा. पडद्याच्या तळाशी दुसऱ्या खेळाडूंच्या दिशा रंगीत ठिपक्यांनी दिसतात.

माल वाहायलाही घॅस्ट उपयोगी आहे. दोरी आता पाच धाग्यांतच बनते, पूर्वीसारखा स्लाइमचा गोळा लागत नाही. दोरी आधी जनावराला लावायची, मग घॅस्टला. जनावर खाली लटकत येतं. माझ्या मते याचा खरा फायदा गावकरी हलवण्यात आहे. दूरच्या गावातला ग्रंथपाल आपल्या घराजवळ आणायचा म्हणजे पूर्वी रुळ टाका नाहीतर होडी ढकलत डोंगर चढा. आता गावकऱ्याला होडीत बसवायचं, होडी घॅस्टला बांधायची आणि दरी ओलांडून सरळ अंगणात उतरवायचं. होडी हवेत झुलत असते, गावकरी "हं, हं" करत बसलेला असतो. नदीच्या पुलाखालून नेऊ नका, होडी पुलाला अडकते. विचारू नका मला कसं माहीत.

घरी आल्यावर

उतरल्यावर घॅस्ट मोकळा सोडलात तर हार्नेस असूनही तो थोडाफार भटकतो. दोरीने कुंपणाच्या खांबाला बांधून ठेवा. झाडाखाली नको, आणि पायवाटेवर तर मुळीच नको. एवढा मोठा पांढरा ठोकळा डोळ्यांसमोर आला की घराचं दारही सापडत नाही. रात्री कुंपणाभोवती मशाली लावा, म्हणजे सांगाडे जवळ उगवणार नाहीत. त्याला नेदरमध्येही नेऊ नका. तिथल्या बोळांत तो मावत नाही आणि त्याचेच रागीट भाईबंद गोळे मारत असतात.

त्याचे प्राण मोजकेच आहेत, दहा बदाम, म्हणजे तुमच्या-माझ्याएवढेच. तेवढे संपले की तो गेला, पुन्हा नेदरपासून सुरुवात. जखमा आपोआप भरतात, पण फार सावकाश. घाई असेल तर बर्फाचे गोळे भरवा. बर्फ नसेल तर ढगांच्या उंचीला, म्हणजे १९२ च्या आसपास, घेऊन जा. तिथे तो झपाट्याने बरा होतो. पावसातही तसंच होतं. म्हणून आभाळ भरून आलं की आमची भाची धावत बाहेर जाते, घॅस्टच्या डोक्यावर तिनेच बांधलेलं छप्पर कुऱ्हाडीने फोडून टाकते, आणि पाऊस थांबला की परत बांधते.